शाळेने नातवाचं नाव वहीत लिहिलं, आता काय?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळेला रंगावरून नि चेहऱ्यावरून चिडवण्याबद्दलची एवढी पत्रं आलीत की दहावीनंतर सायन्स का कॉमर्स, सासूबाई नि मोबाइल वगैरे सगळं पुढच्या अंकात ढकललंय. पत्रं लांब होती, थोडी कापलीत, राग नको.

प्रश्न : ताई, मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते. लेक-जावई इंग्लंडला लेस्टरमध्ये आहेत, नातू साडेपाच वर्षांचा, तिथल्या प्रायमरीत जातो. मागच्या आठवड्यात लाइन करून हॉलमध्ये जायचं होतं, शेजारच्या आफ्रिकन मुलाचा हात धर म्हटलं तर हा म्हणाला नाही धरणार, त्याचा हात घाण आहे, काळा आहे. टीचरने ऐकलं आणि संध्याकाळी लेकीला गेटवर थांबवून सांगितलं की आम्ही हे रेसिस्ट इन्सिडेंट म्हणून लिहून ठेवतोय. लेक तेव्हापासून रडतेय, जावई म्हणतात शाळाच बदलू. एवढ्याशा पोराला रेसिस्ट म्हणायचं? पोलिसात जाईल का? पुढे व्हिसा-पासपोर्टला अडेल का? त्याला तर या शब्दाचा अर्थसुद्धा माहीत नाही हो. — एक आजी

उत्तर : काकू, आधी पोलिसांचं बघू कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय. इंग्लंडमध्ये गुन्ह्याला जबाबदार धरायचं वय दहा आहे, त्याखालच्या मुलावर केस होतच नाही, मग तोंडातून काहीही निघालेलं असो. शाळेने जे लिहिलंय ते शाळेच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्ये आहे, पोलिसांच्या नाही, तेव्हा व्हिसाचं डोक्यातून काढून टाका. शाळा कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, असेल तर लेकीने लेखी मागितलं की मुलाचं रेकॉर्ड शाळेच्या पंधरा दिवसांत दाखवावं लागतं, म्हणजे सुट्ट्या सोडून पंधरा. मागू दे तिला, काय लिहिलंय ते डोळ्यांनी बघितलं की निम्मी धडधड कमी होते.

आता हे लिहून ठेवण्याचं कुठून आलं ते सांगते, कारण ते कळलं की जावईबापूंचा राग पण जरा उतरेल. १९९३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एल्थम भागात बसस्टॉपवर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स नावाच्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं, तो काळा होता एवढंच कारण, आणि पोलिसांनी तपास इतका गचाळ केला की आईवडिलांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. शेवटी विल्यम मॅक्फर्सन नावाच्या निवृत्त न्यायाधीशांची चौकशी बसली, १९९९ च्या फेब्रुवारीत रिपोर्ट आला, सत्तर शिफारशी, आणि त्यात पोलिसांबरोबर शाळांचंही होतं, की वर्णद्वेषाचा प्रत्येक प्रकार लिहून ठेवा, पालकांना सांगा, शाळेच्या गव्हर्नरांना, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला, नि कौन्सिलला कळवा. कारण ती टोळकी काही आभाळातून पडत नाहीत, कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसूनच मोठी होतात. त्या रिपोर्टमध्येच असंही म्हटलंय की ज्याला लागलं त्याला किंवा बघणाऱ्या कुणालाही जर ते वर्णद्वेषी वाटलं तर ते तसं धरायचं. इथेच बहुतेक पालक अडखळतात. तसं धरायचं म्हणजे कुणाला दोषी ठरवून मोकळं व्हायचं नाही, तर हसण्यावारी न नेता लिहायचं आणि चौकशी करायची. नोंद प्रसंगाची असते. तुमचा नातू रेसिस्ट आहे असं टीचरने म्हटलेलं नाही, तुमच्याच पत्रात बघा, तिने इन्सिडेंट म्हटलंय.

यावरून तिकडेही पेपरांनी भरपूर आरडाओरडा केला होता, नर्सरीतल्या पोरांना काय रेसिस्ट ठरवता म्हणून. आता प्रत्येक प्रकार कौन्सिलला कळवायची सक्ती इंग्लंडमध्ये राहिलेली नाही, शाळा-शाळांचं वेगळं असतं. पण २००६ च्या कायद्याने हेडटीचरला बुलिंग रोखायची ठोस व्यवस्था करावीच लागते, २०१० च्या समानता कायद्यात रंग, राष्ट्रीयत्व, वंश हे सगळं आलंय, आणि ऑफस्टेडचे, म्हणजे तिकडच्या शाळा तपासणाऱ्या खात्याचे, इन्स्पेक्टर तपासणीला आले की असे प्रकार लिहिलेत का, त्यातून शाळेला काय दिसलं, हे मागतात. म्हणजे टीचरने तुमच्या नातवाला पकडून काही जगावेगळं केलेलं नाही, तिचं कामच आहे ते.

लेकीने शाळा बदलायची नाही. टीचरची वेळ मागायची, रडत नाही, वही घेऊन जायचं आणि विचारायचं की नेमके शब्द काय होते, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, दोन्ही मुलांशी कोण बोललं नि काय बोललं, पुढचे काही आठवडे लक्ष कोण ठेवणार, आणि आम्ही घरी काय करू. हा शेवटचा प्रश्न विचारणारे पालक टीचरला फार आवडतात, मी स्वतः प्रायमरीत नोकरी केलीय म्हणून सांगते.

आणि काकू, आता थोडं कडू. साडेपाच वर्षांच्या पोराने काळा आणि घाण ही जोडी स्वतः जुळवलेली नसते. रंग दिसणं वेगळं, ते सगळ्यांनाच दिसतं. २००५ साली इंग्लंडमध्येच एक अभ्यास झाला होता, त्यात तीन महिन्यांची बाळं स्वतःच्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघत होती, पण नुकती जन्मलेली बाळं असा काही फरक करत नव्हती. म्हणजे रोज जे चेहरे समोर असतात त्यांची सवय लागते, एवढंच. त्यात घाण कुणीतरी नंतर मिसळतं. तुम्ही रोज व्हिडिओ कॉलवर असता ना, कधी म्हटलंय का की उन्हात खेळू नको काळा होशील? की अंघोळीला बेसन-हळद लावा म्हणजे उजळेल? मी तुम्हाला एकटीला बोलत नाहीये, आपल्या वडोदऱ्यातल्या कुठल्याही घरात सकाळी कान लावला तर हेच ऐकू येतं. पोराला सरळ सांगा की कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कुणाच्या जास्त कुणाच्या कमी, तो धुऊन जात नाही आणि मळ तर धुऊन जातो, त्याचाही हात स्वच्छ तुझाही स्वच्छ. लेक्चर नको, दोन वाक्यं बास. आणि हो, त्या दुसऱ्या पोराची पण कुठेतरी आजी असेलच की, तिला त्या दिवशी फोनवर काय ऐकावं लागलं असेल याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे, सीबीएसई स्कूल, आम्ही मांजलपूरला राहतो. ती सावळी आहे. वर्गातली तीनचार मुलं तिला काळी, कालीमाता, डार्क मोड असं काय काय म्हणतात. ॲन्युअल फंक्शनमध्ये परीचा रोल पाहिजे होता तर तिला राक्षसीण केलं. टीचरना बोलले तर म्हणाल्या मुलं आहेत हो, मस्ती करतात, आणि रोल काय, तिचा आवाज मोठा आहे म्हणून दिला. आता ती पावडर लावल्याशिवाय शाळेत जात नाही. मी काय करू? सासूबाई म्हणतात मुलीला स्ट्राँग बनव. — एक आई

उत्तर : स्ट्राँग बनवायचं ते शाळेला बनवा, आठ वर्षांच्या पोरीला काय बनवताय. असो.

पावडरवरून ओरडू नका तिला. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या नवराबायकोने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर काळी आणि गोरी अशा बाहुल्या ठेवून विचारलं की छान कुठली, वाईट कुठली, आणि बऱ्याच मुलांनी गोरी छान म्हणून दाखवली, स्वतः काळी असून. १९५४ साली काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा निकाल त्यांच्या सुप्रीम कोर्टाने दिला तेव्हा अशा अभ्यासांचा त्यात उल्लेख झाला. आपल्याकडे बाहुल्यांची पण गरज नाही, ज्या क्रीमवर आपण सगळ्याजणी मोठ्या झालो तिच्या नावातला फेअर कंपनीने २०२० मध्ये काढला, ट्यूब अजून दुकानात आहेच. तेव्हा तुमच्या मुलीने हे एकटीने ओढवून घेतलेलं नाही. आणि घरात 'सावळी आहे पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य कुणी म्हणत असेल तर त्यातला तो 'पण' आधी बंद करायला लावा, सासूबाईंपासून सुरुवात.

आता शाळा. तोंडी बोलून झालंय ना, मग आता कागद. मुलीला खोदून खोदून विचारू नका, ती जेव्हा जे सांगेल ते त्याच दिवशी तारखेसकट लिहा, कोण, कुठे, नेमका शब्द कुठला, डार्क मोड म्हटलं असेल तर डार्क मोडच लिहायचं, 'अपशब्द वापरले' असं गुळमुळीत नाही. दोनतीन नोंदी झाल्या की क्लासटीचरला आणि प्रिन्सिपलना एकाच पत्राच्या दोन कॉप्या द्या आणि एकीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या, हा शिक्का फार मोठी गोष्ट आहे, तो लागला की अचानक सगळ्यांना वेळ मिळतो. सीबीएसईने २०१५ मध्येच शाळांना अँटी-बुलिंग कमिटी करायला सांगितलंय, तर पत्रात विचारा की तुमच्या कमिटीवर कोण कोण आहे आणि हे प्रकरण तिच्यासमोर कधी ठेवणार. कमिटी फक्त कागदावर असेल तर तेही या प्रश्नाने कळेल.

मागायचं काय ते पण ठरवून जा. त्या मुलांना काढून टाका, पालकांना सगळ्यांसमोर माफी मागायला लावा, असलं काही मागू नका, आठ वर्षांची आहेत तीही. मागा की टीचर त्या मुलांशी एकेकट्याशी बोलतील, त्यांच्या घरी कळवतील, रिसेसमध्ये आणि बसमध्ये कोण बघणार ते ठरवतील, आणि महिन्याने आपल्याला परत भेटतील. तुमच्या मुलीचा बेंच बदलू, सेक्शन बदलू असं म्हणाले तर नाही म्हणा, जिला लागलं तिलाच हलवायचं ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे.

रोलचं मला खरंच चीड आणणारं वाटलं. पण तो मुद्दा वेगळा ठेवा, कारण तो मुलांनी नाही मोठ्यांनी केलाय. टीचरला शांतपणे विचारा की मागच्या तीन वर्षांत परी कोण कोण झालं, राक्षस कोण कोण झालं, फोटो असतीलच. त्यांनी स्वतः जर मुलीच्या रंगावरून काही म्हटलं असेल तर मात्र ती मस्ती नाही, आरटीई कायद्याचं, २००९ चं, कलम १७ मुलाला मारण्याइतकंच मानसिक त्रास द्यायलाही मनाई करतं, आणि तशी तक्रार राज्याच्या बालहक्क आयोगाकडे जाऊ शकते. पहिल्याच मीटिंगला हे कलम काढू नका, पर्समध्ये असू द्या.

प्रश्न : मी फतेगंजकडच्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. या वर्षी वर्गात एक मणिपुरी मुलगा आलाय आणि एक नेपाळी वॉचमनची मुलगी आहे. बाकी मुलं चिनी, मोमो म्हणतात, डोळे ओढून दाखवतात. ओरडलं की तेवढ्यापुरतं थांबतं. एका ट्रेनिंगमध्ये निळे डोळे-तपकिरी डोळे असा प्रयोग सांगितला होता, तो करू का? आणि हे कुठे लिहून ठेवायचं म्हटलं तर आमचे प्रिन्सिपल म्हणतात कागदावर काही आणू नका, शाळेचं नाव खराब होतं. — एक शिक्षिका

उत्तर : प्रयोग नका करू. तो १९६८ साली अमेरिकेत आयोवामधल्या राइसव्हिल गावच्या जेन एलियट नावाच्या शिक्षिकेने केला होता, मार्टिन ल्यूथर किंगना मारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, वर्गातल्या गोऱ्याच पोरांना डोळ्यांच्या रंगावरून वरचे-खालचे ठरवून, आणि ती तिसरीतली मुलं होती, तुमची त्याहून लहान. काही मिनिटांत मुलं एकमेकांशी क्रूर वागायला लागली होती. मुलांना त्या अवस्थेत नेऊन परत आणायला जी तयारी लागते ती एका ट्रेनिंगच्या दुपारी येत नाही, आणि तुमच्या वर्गात ज्या दोघांना आधीच रोज खालचं ठरवलं जातंय त्यांनी हा खेळ का खेळावा?

ओरडण्याऐवजी असं करून बघा. ऐकू आलं की तिथेच थांबवायचं, आवाज न चढवता, दर वेळेला तेच वाक्य, 'आपल्या वर्गात असं म्हणत नाहीत, त्याला नाव आहे'. आधी वळायचं ज्याला लागलं त्याच्याकडे, दुखावणाऱ्याकडे नंतर. 'सॉरी म्हण' चा कार्यक्रम पण नको, पोरं सॉरी पाढ्यासारखं म्हणून मोकळी होतात. म्हणणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन विचारा हा शब्द कुठे ऐकलास, रागाने नाही, खरंच विचारा, उत्तरं ऐकून थक्क व्हाल, बसमधला मोठा दादा, रील, कधी कधी स्वतःचे पप्पा. आणि एक, त्या मणिपुरी मुलाला उभं करून 'सांग बरं सगळ्यांना मणिपूरबद्दल' असं कृपा करून करू नका, त्याला बिचाऱ्याला फतेगंजबद्दलच जास्त माहीत असेल. मणिपूर तुम्ही शिकवा, नकाशा काढून, बाकी राज्यांसारखं.

पोलिसांची भीती घालणारे पण असतात शिक्षक, म्हणून सांगून ठेवते की सात वर्षांखालच्या मुलाचं काहीही कृत्य आपल्या कायद्यात गुन्हा नाही, आधी आयपीसीचं कलम ८२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २०. तेव्हा 'पोलीस काका येतील' बंद.

राहिलं लिहिणं. प्रिन्सिपलना नको तर तुमची स्वतःची साधी फुलस्केप वही करा. तारीख, जागा, शब्द, कोण होतं, मी काय केलं, घरी कळवलं का, पंधरा दिवसांनी काय दिसलं. मुलांच्या नावाऐवजी खुणेचं अक्षर घाला, वही कपाटात कुलपात ठेवा. हे एक-दोन महिने केलंत की जे एरवी दिसत नाही ते दिसेल, की बहुतेक प्रकार पाण्याच्या नळाशी होतायत, किंवा पीटीच्या तासाला, किंवा दर वेळेला सुरुवात एकच जण करतो आणि बाकीचे मागे हसतात. मग अख्ख्या वर्गाला नीतिमत्ता शिकवण्यापेक्षा नळापाशी एक ताई उभी केली तरी निम्मं काम होतं. तपकिरी डोळ्यांपेक्षा मला हा प्रयोग जास्त आवडतो.

आणि त्याच वहीत बाकीचंही लिहा, फक्त चेहऱ्याचंच नको. आडनावावरून म्हटलेलं, 'आरटीईवाला', 'कोटावाला' म्हटलेलं, डब्यात काय आणलं यावरून नाक मुरडलेलं. पंचवीस टक्के जागांवर आलेल्या मुलांशी भेदभाव होणार नाही हे बघणं कायद्याने शाळेचंच काम आहे, आणि वडोदऱ्यात मोमोपेक्षा हे जास्त ऐकू येतं असं माझं मत आहे, राग आला तर येऊ दे.

प्रिन्सिपलना हळूच सांगून बघा की ज्या शाळेच्या वहीत शून्य नोंदी असतात तिथे सगळं आलबेल असतं असं नाही, बहुतेक वेळा तिथे कुणी ऐकतच नसतं. पटलं तर ठीक, नाही तर तुमची वही आहेच.

प्रश्न : रेसिझम वगैरे गोऱ्या लोकांचं खूळ आहे. आपल्या वेळेला काळ्या, जाड्या, चपट्या सगळंच म्हणायचे, कुणी मेलं नाही. तुम्ही लोक लहान मुलांच्या डोक्यात नको ते भरता. — एक स्पष्टवक्ता, रावपुरा

उत्तर : मेलंय. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीला लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या निडो तानिया नावाच्या तरुण मुलाच्या केसांवरून दुकानात टिंगल झाली, त्यावरून भांडण, मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग सरकारने बेझबरुआ समिती नेमली, तिने बाकी गोष्टींबरोबर हेही सांगितलं की ईशान्येकडचा इतिहास नि संस्कृती शाळेत शिकवा. म्हणजे फिरून परत शाळाच.

आणि गोऱ्यांचं म्हणता तर रावपुऱ्यातून कमाटी बाग किती लांब आहे हो? साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाला बसायला स्वतःचं गोणपाट घरून आणावं लागायचं, झाडणारा गडी ते शिवायचा नाही म्हणून संध्याकाळी परत न्यावं लागायचं, आणि शिपाई नसला की नळाला हात लावता येत नाही म्हणून दिवसभर पाणी नाही. तोच मुलगा सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेला, शिकून १९१७ मध्ये आपल्या वडोदऱ्यात नोकरीला आला, आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. दुसरीकडे कुठे खोली मिळेना, शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत बागेत बसावं लागलं. महाराजांनी पैसे दिले, नोकरी दिली, गावाने खोली दिली नाही. त्या शाळेत कुणी वही ठेवली नव्हती, त्याने स्वतःच मोठेपणी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. बागेत त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात, सकाळी फिरायला जात असाल तर बघून या.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत, क्रिकेट खेळतो. टीममधल्या एकाला सगळे कालू म्हणतात. मी रागावले तर म्हणतो मम्मी, त्याला चालतं, तो स्वतः हसतो. — एक मम्मी, गोत्री

उत्तर : हसेल नाही तर काय करेल, टीममध्ये राहायचंय ना त्याला. न हसणाऱ्याला बॅटिंग शेवटी मिळते हे सातवीतल्या पोरांना नीट कळतं.

त्या मुलाला गाठून 'तुला वाईट वाटतं का रे' विचारायला जाऊ नका, तो नाहीच म्हणेल आणि वर तुमच्या मुलावर चिडेल. तुमच्या मुलाला फक्त एवढं सांगा की पुढच्या मॅचपासून तू त्याला त्याच्या नावाने हाक मार, बाकीच्यांना काही बोलू नकोस, आणि तो तुझ्याशी कसा वागतो ते बघ. कोचशी मात्र तुम्ही स्वतः बोला, कारण माझी खात्री आहे की कोच पण कालूच म्हणत असणार, आणि ते थांबल्याशिवाय पोरं थांबणार नाहीत. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा जर्सीच्या पाठीवर ते नाव छापलेलं असेल तर ते आधी बदलायला लावा, नवी जर्सी साधारण नवरात्राच्या आधी शिवायला टाकतात, म्हणजे वेळ आहे अजून.